इंजिनात नट पडला तर काय करावे?

सभासद बंधू-भगिनींनो,

या पानावर आपण बेणे, लागण, खतांच्या मात्रा आणि खोडव्याची निगा याविषयी नेहमी वाचता. आजचा विषय थोडा वेगळा आहे. इंजिनाचा आणि उसाचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे. तोडलेला ऊस शक्यतो २४ तासांच्या आत गाळपाला गेला पाहिजे. फडात किंवा ट्रॉलीत पडून राहिला की तो वाळतो, वजन घटते, आणि साखरेचे विघटन होऊन उताराही कमी पडतो. ऐन हंगामात ट्रॅक्टर बंद पडला की हे नुकसान वजनकाट्यावर दिसते.

म्हणून बरेच सभासद हंगामाआधीच ट्रॅक्टरची व पंपाच्या इंजिनाची किरकोळ दुरुस्ती घरी उरकतात. चांगली गोष्ट आहे. पण उघड्या इंजिनावर काम करताना नट, वॉशर किंवा व्हॉल्व्हचे लॉक हातातून निसटून आत जाते. अशा वेळी काय करावे आणि काय करू नये, ते येथे देत आहे.

पहिली गोष्ट : इंजिन फिरवू नका

नट आत गेला की शेजारी उभा असलेला कोणीतरी सांगतो, "मारा एकदा हँडल, निघेल बाहेर." तो निघत नाही. डिझेल इंजिनात पिस्टन पूर्ण वर आला की पिस्टन आणि हेड यांच्यामध्ये साधारण एक मिलिमीटरच्या आसपास फट उरते. आठ मिलिमीटर बोल्टचा नट साडेसहा-सात मिलिमीटर जाड असतो. त्याला जागा कुठली? १५०० फेऱ्यांचे इंजिन असेल तर पिस्टन सेकंदाला २५ वेळा वर येतो. तेवढ्या वेळात पिस्टनला खड्डे पडतात, व्हॉल्व्ह वाकतो, लायनरला ओरखडे येतात, हेड फुटते. दोन रुपयांच्या नटापायी सबंध इंजिन बांधायची पाळी येते.

तेव्हा आधी बॅटरीची ऋण बाजूची वायर काढून ठेवा. हँडलचे इंजिन असेल तर हँडल बाजूला न्या. ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये ठेवून चाकांना दगड लावा. गिअरमध्ये असलेला ट्रॅक्टर कोणी ढकलला तरी इंजिन फिरते, हे ध्यानात असू द्यावे.

दुसरी गोष्ट : नट खरोखर आत गेला का?

पुष्कळदा नट इंजिनात जातच नाही. तो चासीवर, पंख्याखाली किंवा मातीत पडलेला असतो. खाली पोते अंथरलेले असेल तर ते झाडून पाहा. मातीवरून लोहचुंबक फिरवा. काढलेले सर्व नट-वॉशर मोजा, म्हणजे काय हरवले ते नक्की कळेल. त्याच मापाचा दुसरा नट समोर ठेवा. तो त्या भोकातून जाऊच शकत नसेल तर इंजिन खोलण्याचे कारण नाही.

तिसरी गोष्ट : कोठे पडला, त्यावर उपाय ठरतो

मॅनिफोल्ड काढल्यावर हवेच्या वाटेत पडला असेल, तर त्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद आहे की उघडा, हे पाहावे. टॅपेट कव्हर काढून रॉकर हाताने हलवून बघा. रॉकर थोडा सैल लागला तर व्हॉल्व्ह बंद आहे आणि नट बहुधा त्याच्या पाठीवर बसलेला आहे. तो सहज उचलता येतो. रॉकरने व्हॉल्व्ह दाबलेला असेल तर नट सिलिंडरमध्ये गेला असण्याची शक्यता आहे. बंद व्हॉल्व्हवरचा नटसुद्धा इंजिन फिरवले की आत जातो. म्हणूनच वर म्हटले की फिरवू नका.

लोखंडी वस्तूला लोहचुंबक उत्तम. मात्र इंजिनही बिडाचेच असल्याने चुंबक आधी भिंतीलाच चिकटतो. त्याला रबरी किंवा प्लास्टिकची नळी घालून फक्त टोक उघडे ठेवावे. पितळ, तांबे, ॲल्युमिनियम यांना चुंबक लागत नाही. तेथे जाड तारेच्या टोकाला घट्ट ग्रीस लावून वस्तू चिकटवून वर आणावी. तार पक्की बांधलेली असावी, नाहीतर एकाच्या दोन वस्तू होतात. हल्ली मोबाइलला जोडण्याचा बारीक कॅमेरा मिळतो. तो भोकातून सोडला की आतले स्पष्ट दिसते.

वस्तू सिलिंडरमध्येच गेली असेल तर पेट्रोल इंजिनात प्लगच्या भोकातून प्रयत्न करता येतो. डिझेलच्या नोझलचे भोक अरुंद असते. तेथे बहुधा हेड उतरवावे लागते. हे काम जाणत्या फिटरकडूनच करून घ्यावे, कारण हेडचे बोल्ट ठरलेल्या क्रमाने व ठरलेल्या ताणाने आवळावे लागतात. पॅकिंगचा आणि एका दिवसाचा खर्च सोसावा. पिस्टन-लायनरच्या खर्चापुढे तो काहीच नाही.

टॅपेट कव्हरखालून पुश रॉडच्या भोकात पडलेली वस्तू टॅपेटजवळ अडकते किंवा खाली ऑइलच्या चेंबरमध्ये जाते. ऑइल स्वच्छ फडक्यातून गाळून काढा आणि नटाच्या भोकातून चुंबक फिरवून पाहा. "तळाला पडून राहील, जाळी आहे की," असे म्हणून सोडू नये. जाळी ऑइल पंपाला वाचवते. पण खाचखळग्यांतून ट्रॅक्टर उसळला की तीच वस्तू क्रँककडे उडू शकते. काही ट्रॅक्टरांत चेंबर हा सांगाड्याचाच भाग असतो. तो घरी उतरवू नये.

वस्तू निघाल्यावर

तुटलेली वस्तू असेल तर तुकडे जुळवून पूर्ण होते का ते पाहा. एखादा तुकडा कमी असेल तर शोध संपलेला नाही. मग नोझल किंवा प्लग काढलेले असतानाच इंजिन हाताने सावकाश दोन पूर्ण फेऱ्या फिरवा. चार स्ट्रोकच्या इंजिनाचे एक चक्र दोन फेऱ्यांत पुरे होते. कोठे अडले तर जोर न करता थांबावे.

मुळात पडूच नये म्हणून

इंजिन बाहेरून पुसून मगच उघडावे. उघड्या प्रत्येक भोकात मोठे स्वच्छ फडके कोंबून त्याचे शेपूट बाहेर ठेवावे आणि फडकी मोजावीत. चिंध्या वापरू नयेत. नट-बोल्टसाठी एक थाळी ठेवावी. सदऱ्याचा वरचा खिसा रिकामा करावा. पेन आणि चुनाडबी वाकल्याबरोबर खाली येतात. हेड न उतरवता व्हॉल्व्हची स्प्रिंग बदलायची असेल तर आधी त्या सिलिंडरचा पिस्टन पूर्ण वर आणावा, म्हणजे व्हॉल्व्ह सुटला तरी आत पडणार नाही.

दुरुस्ती अंधारात किंवा तोडणीची टोळी फडात उभी असताना करू नये. घाईत हात चुकतो आणि नट पडला की हँडल मारण्याचा मोह होतो. हंगाम सुरू होण्याआधी दिवसाउजेडी, शांतपणे काम करावे. वस्तू सापडत नसेल तर यंत्र तसेच बंद ठेवून फिटर बोलवावा, आणि तोड ठरलेली असल्यास आपल्या गटाच्या शेतकी कर्मचाऱ्यास लगेच कळवावे. ऊस उभा असेपर्यंत वाहतुकीची दुसरी सोय बघता येते. तुटल्यावर मात्र तास मोजावे लागतात.

आपला,
ऊसविकास अधिकारी