आयसीयूनंतरची अशक्तता
सेप्सिसमधून वाचून घरी आलेल्या माणसाला पाण्याचा तांब्या उचलवत नाही, तेव्हा घरचे म्हणतात, ‘पडून राहा, ताकद येईल.’ इथेच गफलत होते. गंभीर आजारातला दाह आणि अंथरुणाला खिळणं यांमुळे स्नायू झपाट्याने झिजतात. 2013च्या एका ब्रिटिश अभ्यासात 10 दिवसांत अशा पेशंटच्या मांडीच्या स्नायूच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ सुमारे 18 टक्क्यांनी घटलेलं आढळलं. म्हणून हल्ली प्रकृती स्थिरावताच, कधी व्हेंटिलेटर चालू असतानाच, फिजिओथेरपिस्ट पेशंटला पलंगाच्या कडेला पाय सोडून बसवतात. नातेवाईक घाबरतात, ते साहजिकच. घरी खुर्चीतून उठण्याबसण्याचा सराव हवा आणि डॉक्टर सांगतील तेवढी प्रथिनं. नुसत्या पेजेवर भागत नाही. स्नायूंची झीज भरून यायला महिने लागतात. व्यायाम करताना छातीत दुखलं किंवा धाप आवरेना, तर थांबा आणि डॉक्टरांना लगेच कळवा.