विश्लेषण : गणितात वीस गुण पुरेसे?

दहावीला गणित आणि विज्ञानात ३५ ऐवजी २० गुण मिळाले तरी विद्यार्थ्याला अकरावीत जाऊ द्यावे, असे राज्याच्या २०२४ च्या शालेय अभ्यासक्रम आराखड्यात सुचवण्यात आले. ‘सर्वांना गणित कशाला?’ हा जुना वाद त्यामुळे पुन्हा सुरू झाला.

तरतूद नेमकी काय?

अशा विद्यार्थ्याच्या गुणपत्रिकेवर शेरा येईल आणि त्याला पुढे गणित वा विज्ञानावर आधारित शिक्षण घेता येणार नाही. एका विषयापायी वर्ष वाया जाऊ नये, हा हेतू रास्तच. मात्र सध्याच्या रचनेत बीजगणित ४० आणि भूमिती ४० गुणांची असून उरलेले २० गुण शाळेच्याच अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. म्हणजे लेखी परीक्षेत जवळपास काहीही न येणारा विद्यार्थीही ही रेषा ओलांडू शकतो.

सक्ती कुठून आली?

पहिली दहा वर्षे गणित आणि विज्ञान सर्वांना शिकवावे, अशी शिफारस कोठारी आयोगाने (१९६४-६६) केली. राज्यात मध्यंतरी ‘सामान्य गणिता’चा पर्याय होता, तो बंद झाला. गणित ऐच्छिक करता येईल का, अशी विचारणा मुंबई उच्च न्यायालयानेही २०१७ मध्ये केली होती.

विद्यार्थी अडखळतात कुठे?

दहावीत नापास होणाऱ्याची गाडी बहुतेकदा पाचवी-सहावीतच रुळावरून घसरलेली असते. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश म्हणजे दोन पंचमांश, असे लिहिणारा मुलगा आळशी नसतो. तो वरच्यात वरचे आणि खालच्यात खालचे मिळवतो, कारण अपूर्णांक ही एकच संख्या आहे हे त्याला कधी दिसलेलेच नसते. अर्ध्या भाकरीत आणखी भर घातल्यावर उत्तर अर्ध्याहून कमी कसे, हे वर्गात कोणी विचारत नाही. पुढे बीजगणितात अक्षरे येतात आणि तोच मुलगा (अ + ब)² म्हणजे अ² + ब² असे लिहितो. तीन आणि चार घालून पाहिले तर एकीकडे ४९, दुसरीकडे २५. चौरसाची आकृती काढली की सुटलेले दोन आयतही दिसतात. यासाठी दहा मिनिटे लागतात, पण ‘पोर्शन’ संपवण्याच्या घाईत तीही नसतात. मग पायथागोरसची सिद्धता पाठ होते आणि आकृतीतील अक्षरे बदलली की कोलमडते. गाइड आणि ‘अतिसंभाव्य प्रश्न’ यांचा बाजार यावरच चालतो.

दहावीनंतर उपयोग काय?

एक लाखाचे कर्ज, मुदत तीन वर्षे, व्याज १२ टक्के ‘फ्लॅट’. एकूण व्याज ३६ हजार. हेच १२ टक्के घटत्या शिलकीवर असतील तर व्याज सुमारे साडेएकोणीस हजार. पहिल्या कर्जाचा खरा दर २१ टक्क्यांच्या आसपास जातो. मुद्दल दरमहा फिटत असताना व्याज मात्र पूर्ण लाखावर का, हा प्रश्न दुकानात हप्त्यावर मोबाइल घेतानाच पडायला हवा. तेवढी समज माध्यमिक गणितातून येते, आणि तिची गरज विज्ञान शाखेला न जाणाऱ्याला अधिक.

दोन स्तरांचा मार्ग?

सीबीएसईने २०२० च्या परीक्षेपासून ‘स्टँडर्ड’ आणि ‘बेसिक’ अशा दोन प्रश्नपत्रिका ठेवल्या; अभ्यासक्रम आणि वर्ग मात्र एकच. २० गुणांच्या सवलतीपेक्षा हा मार्ग बरा, कारण त्यात शिकवण्यातून सुटका नाही. शेऱ्यामुळे सोळाव्या वर्षी दार बंद होईल ते प्रामुख्याने शिकवणीची फी न परवडणाऱ्या घरातील मुलांसाठी.

राज्याने २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणली आहे. नापास झालेल्यांना जादा मार्गदर्शन देऊन दोन महिन्यांत फेरपरीक्षा घेण्याची तरतूद तिच्यात आहे. आठवीतला अपूर्णांक दुरुस्त करायला दहावीपर्यंत दोन वर्षे हाती असतात. ते जादा मार्गदर्शन किती शाळांत खरोखर होते, हे शिक्षण विभागाने तपासायला हवे.