गोव्यातील लष्करी कारवाई आणि १९६२ ची सार्वत्रिक निवडणूक : एका युद्धविषयक वादाची चिकित्सा

प्रस्तावना

१९ डिसेंबर १९६१ रोजी पोर्तुगीज गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांनी शरणागती पत्करली आणि गोव्यातील साडेचारशे वर्षांची पोर्तुगीज सत्ता संपुष्टात आली. त्यानंतर बरोबर दोन महिन्यांनी, १९ फेब्रुवारी १९६२ रोजी, तिसऱ्या लोकसभेसाठी मतदानास प्रारंभ झाला. या दोन घटनांतील अल्प अंतरामुळे 'ऑपरेशन विजय' निवडणुकीवर डोळा ठेवून हाती घेण्यात आले काय, हा प्रश्न त्याच वेळी उपस्थित झाला आणि पुढेही विचारला जात राहिला. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा परामर्श घेतला असून त्यासाठी सावंतवाडीचा सीमाभाग आणि उत्तर मुंबई मतदारसंघ या दोन ठिकाणांचा विशेष विचार केला आहे. ही कारवाई न्याय्य होती काय, तिची वेळ योग्य होती काय आणि ती करणारे संरक्षणमंत्री त्या पदास पात्र होते काय, हे तीन स्वतंत्र प्रश्न आहेत. १९६२ च्या प्रचारात ते एकमेकांत असे मिसळले गेले की त्यांपैकी एकाचाही पुरता निकाल लागू शकला नाही.

सीमेवरून दिसलेले युद्ध

दिल्ली किंवा न्यूयॉर्क येथे ज्या कारवाईची चर्चा तत्त्व म्हणून होत होती, ती सावंतवाडीत शेजारधर्माची बाब होती. पेडणे, डिचोली व सत्तरी हे महाल अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगिजांकडे जाण्यापूर्वी सावंतवाडीकर भोसल्यांच्या अमलाखाली होते. पुढे राजकीय सीमा पक्की झाली, तरी सोयरीक, कुलदैवते आणि बाजारहाट यांनी ती कधी मानली नाही. भारत सरकारने १९५४-५५ पासून गोव्याची आर्थिक कोंडी केली, तेव्हा तिची झळ सीमेच्या अलीकडील गावांनाही बसली.

१५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींच्या तुकड्या सीमा ओलांडून गोव्यात शिरल्या. बांद्यापलीकडील पत्रादेवी येथे आणि अन्यत्र पोर्तुगिजांनी केलेल्या गोळीबारात त्या दिवशी वीसहून अधिक सत्याग्रही मारले गेले. त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी आंबोलीच्या जंगलातून गुप्त नभोवाणी केंद्र सुरू केले. हे केंद्र पुढे कॅसलरॉकला हलविण्यात आले आणि मुक्तीच्या दिवसापर्यंत कार्यरत राहिले. सत्याग्रहात ना. ग. गोरे, सेनापती बापट, मधू लिमये, जगन्नाथराव जोशी अशा भिन्न विचारांच्या नेत्यांचा सहभाग होता. यांतील बहुतेक मंडळी काँग्रेसच्या विरोधात होती आणि सरकार कृती करीत नाही हीच त्यांची तक्रार होती. सप्टेंबर १९५५ मध्ये नेहरूंनी सामुदायिक सत्याग्रहाला प्रतिबंध केल्यावर ही तक्रार अधिकच तीव्र झाली.

ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली म्हणजे १९६१ मधील वादाचे एक वैशिष्ट्य उलगडते. सहसा सरकार युद्ध करते आणि विरोधी पक्ष त्याची गरज तपासतो. येथे मात्र सहा वर्षे विरोधी पक्ष कृतीची मागणी करीत होते आणि सरकार संयमाचा उपदेश करीत होते.

कारवाईची वेळ

डिसेंबर १९६१ हीच वेळ का निवडली गेली, याची कारणे अनेक आहेत. १९५१ मध्ये पोर्तुगालने घटनादुरुस्ती करून आपल्या वसाहतींना 'सागरपार प्रांत' ठरविले होते. त्यामुळे सालाझार यांच्या दृष्टीने वाटाघाटींना विषयच उरला नव्हता. डिसेंबर १९६० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने वसाहतवादाच्या समाप्तीचा ठराव संमत केला आणि लगोलग पोर्तुगीज प्रदेशांची गणना अस्वयंशासित प्रदेशांत केली. १९६१ च्या आरंभी अंगोलात उठाव झाला. आफ्रिकेतील स्वातंत्र्यवादी नेते भारताच्या स्वस्थतेबद्दल उघडपणे नाराजी व्यक्त करू लागले. त्यातच नोव्हेंबरमध्ये अंजदीव बेटावरून भारतीय प्रवासी जहाजावर व नंतर मच्छीमारांवर गोळीबार झाला.

या कारणांत आणखी एकाची भर घालावी लागते, ते म्हणजे पावसाळा. जून ते सप्टेंबर या काळात सह्याद्रीचे घाट उतरून तेरेखोल, कोलवाळ, मांडवी या नद्या ओलांडत सैन्य नेणे जवळजवळ अशक्य होते. लष्करी हालचालीस योग्य असा काळ ऑक्टोबरअखेर ते मे एवढाच उरतो. पहिल्या चारही सार्वत्रिक निवडणुका याच कोरड्या ऋतूत झाल्या, कारण मतपेट्या आणि कर्मचारी यांनाही तेच रस्ते व त्याच होड्या वापरावयाच्या होत्या. तेव्हा युद्ध आणि मतदान जवळजवळ येणे यामागे जितके राजकारण असू शकते, तितकेच हवामानही असू शकते. कोकणात राहणाऱ्यास हे सांगण्याची गरज नाही. दिल्लीतील टीकाकारांच्या लेखनात मात्र हा मुद्दा क्वचितच आढळतो.

शिवाय १४ डिसेंबर ही कारवाईची मूळ तारीख प्रथम १६ वर आणि नंतर १८ वर ढकलण्यात आली. अमेरिकेसह काही राष्ट्रांचे शिष्टाईचे प्रयत्न तेव्हा सुरू होते. यावरून नेहरूंची द्विधा मनःस्थिती दिसते. निवडणुकीचा विचार त्यांच्या वा त्यांच्या सहकाऱ्यांच्या मनात नव्हताच, असे मात्र यातून सिद्ध होत नाही. हेतू सिद्ध करणे कठीण असते. लाभ कोणाला व किती झाला, हे निदान मोजता येते.

प्रत्यक्ष कारवाई अल्पकाळात आटोपली. मेजर जनरल कँडेथ यांच्या नेतृत्वाखालील १७ वी डिव्हिजन पूर्वेकडून, तर ब्रिगेडियर सगत सिंग यांच्या ५० व्या पॅराशूट ब्रिगेडच्या तुकड्या उत्तरेकडून गोव्यात शिरल्या. उत्तरेकडील आगेकूच दोडामार्गच्या बाजूने झाली. पोर्तुगिजांकडे लढाऊ विमाने नव्हती आणि नौदल म्हणावे तर 'अफोन्सो द अल्बुकर्क' हे एकच जुने जहाज होते. भारताचे २२ जवान धारातीर्थी पडले.

तत्त्वाचा वाद

सुरक्षा परिषदेत १८ डिसेंबर रोजी युद्धबंदी व सैन्यमाघारीची मागणी करणारा ठराव सात विरुद्ध चार असा पडला आणि सोव्हिएत नकाराधिकारामुळे बारगळला. अमेरिकेचे प्रतिनिधी अ‍ॅडलाय स्टीव्हन्सन यांनी भारतावर कठोर टीका केली. देशांतर्गत टीकाकारांमध्ये सर्वांत ठळक स्वर राजाजींचा होता. बळाचा वापर केल्यामुळे इतरांना शांततेचा उपदेश करण्याचा नैतिक अधिकार भारताने गमावला, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. या आक्षेपाला उत्तर होते: सत्याग्रहाचा मार्ग १९५५ मध्ये अनुसरला गेला होता आणि त्याला गोळीने उत्तर मिळाले होते. राजाजींचा प्रश्न साधनांच्या शुद्धतेचा, तर उत्तर साधनांच्या परिणामकारकतेचे. हे दोन युक्तिवाद समोरासमोर येऊन लढले असते तर तो प्रचार संस्मरणीय ठरला असता.

उत्तर मुंबईची लढत

तसे घडले नाही. युद्धाची चर्चा उत्तर मुंबईत एका व्यक्तीभोवती केंद्रित झाली. संरक्षणमंत्री व्ही. के. कृष्ण मेनन काँग्रेसचे उमेदवार होते; त्यांच्याविरुद्ध आचार्य जे. बी. कृपलानी अपक्ष म्हणून उभे होते आणि त्यांना प्रजा समाजवादी, स्वतंत्र व जनसंघ या पक्षांचा पाठिंबा होता. कम्युनिस्ट मेनन यांच्या बाजूस होते. नेहरू स्वतः मेनन यांच्या पाठीशी ठामपणे उभे राहिले.

कृपलानींच्या आघाडीची अडचण लक्षणीय होती. तिच्यातील एका पक्षाचे संस्थापक गोव्यातील कारवाई चुकीची मानत होते. दुसऱ्या दोन पक्षांचे कार्यकर्ते त्याच गोव्यासाठी तुरुंगात गेले होते. त्यामुळे गोव्याच्या प्रश्नावर एकमुखाने बोलणे त्यांना शक्यच नव्हते. साहजिकच प्रचाराचा रोख चीन, मेनन यांची कम्युनिस्टधार्जिणी प्रतिमा आणि सैन्यातील बढत्यांमधील हस्तक्षेप यांवर राहिला. हे आक्षेप निराधार नव्हते. ऑगस्ट १९५९ अखेरीस लष्करप्रमुख जनरल थिमय्या यांनी मेनन यांच्याशी झालेल्या मतभेदांमुळे राजीनामा दिला होता. तो नंतर मागे घेण्यात आला. पूर्व विभागाचे प्रमुख असताना लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात यांनी ऑक्टोबर १९५९ मध्ये ईशान्य सीमेच्या संरक्षणाची योजना सादर केली होती. तिची गंभीर दखल घेतली गेली नाही आणि १९६१ मध्ये थोरात निवृत्त झाले.

या आक्षेपांना गोवा हे आयते उत्तर ठरले. उत्तरेत सैन्य सज्ज आहे काय, असा प्रश्न होता आणि दक्षिणेत सैन्य जिंकले आहे, असे उत्तर मिळत होते. छत्तीस-चाळीस तासांत हार मानलेल्या, विमानविहीन शिबंदीवरील विजयाने हिमालयातील सिद्धतेबद्दल काहीच सिद्ध होत नव्हते. तथापि सभेतील टाळ्यांना हा भेद कळत नाही. मेनन यांनी कृपलानींच्या जवळपास दुप्पट मते मिळवून विजय संपादन केला. २० ऑक्टोबर १९६२ रोजी चिनी आक्रमण झाले, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मेनन मंत्रिमंडळातून बाहेर पडले आणि संरक्षण खात्यासाठी यशवंतराव चव्हाण यांना दिल्लीस जावे लागले. सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावल्याचे कौतुक महाराष्ट्रात आजही होते. ती वेळ का आली याची चर्चा तुलनेने कमी होते.

मतपेटीचा कौल

देशपातळीवर मात्र गोव्याचा लाभ आकड्यांत आढळत नाही. १९५७ मध्ये काँग्रेसला ३७१ जागा व सुमारे ४७.८ टक्के मते मिळाली होती. १९६२ मध्ये ३६१ जागा व सुमारे ४४.७ टक्के मते मिळाली. महाराष्ट्रात ४४ पैकी ४१ जागा काँग्रेसने जिंकल्या हे खरे. पण त्याचे श्रेय १ मे १९६० रोजी झालेल्या राज्यनिर्मितीस अधिक द्यावे लागते, कारण १९५७ मधील पराभवाचे मूळच त्या प्रश्नात होते.

सीमेलगतच्या राजापूर मतदारसंघाचा निकाल याहून बोलका आहे. तेथे, म्हणजे ज्या मतदारांनी हे युद्ध सर्वांत जवळून पाहिले त्यांनी, काँग्रेसला बाजूला सारून प्रजा समाजवादी पक्षाचे बॅरिस्टर नाथ पै यांनाच पुन्हा निवडून दिले. कारवाईस पाठिंबा आणि ती करणाऱ्या पक्षाला मत, या दोन गोष्टी मतदार वेगळ्या ठेवू शकतो, याचा हा पुरावा होय.

सदतीस वर्षांनंतर याच नावाची दुसरी मोहीम कारगिलमध्ये झाली. १७ एप्रिल १९९९ रोजी एका मताने पडलेले काळजीवाहू सरकार तेव्हा सत्तेवर होते आणि मतदान सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये झाले. भारतीय जनता पक्षाला १९९८ मध्ये १८२ जागा होत्या, १९९९ मध्येही १८२ च मिळाल्या. महाराष्ट्रात तर त्याच सुमारास झालेल्या विधानसभा निवडणुकीनंतर युतीची सत्ता गेली. घुसखोरी वेळीच का कळली नाही, हा खरा प्रश्न प्रचारात गाजला, परंतु त्याची चौकशी करणाऱ्या समितीचा अहवाल १५ डिसेंबर १९९९ रोजी, म्हणजे मतदान उरकल्यावर, सादर झाला. तो निदान प्रसिद्ध तरी झाला. १९६२ च्या पराभवाविषयीचा हेंडरसन ब्रुक्स-भगत अहवाल सरकारने अधिकृतपणे पूर्ण स्वरूपात कधीच प्रकाशित केला नाही.

ज्यांच्या मुक्तीसाठी ही मोहीम झाली, त्या गोवेकरांना फेब्रुवारी १९६२ मध्ये मतदान करता आले नव्हते. त्यांची पहिली विधानसभा निवडणूक ९ डिसेंबर १९६३ रोजी झाली. मुक्ती घडवून आणणाऱ्या काँग्रेसला गोव्यात एकही जागा मिळाली नाही. पक्षाचा एकमेव उमेदवार निवडून आला तो दमणमधून. लढत झाली ती महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष आणि युनायटेड गोवन्स यांच्यात, आणि तिचा विषय होता विलीनीकरण. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात १,७२,१९१ मते संघप्रदेशाच्या बाजूने व १,३८,१७० मते महाराष्ट्रातील विलीनीकरणाच्या बाजूने पडली. सैन्य ज्या सीमेवरून आत गेले होते, ती सावंतवाडीच्या दक्षिणेस प्रशासकीय सीमा म्हणून कायम राहिली.