फाइल सिस्टिमला वाली लागतो

डिसेंबर 2016 मध्ये लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमधून, म्हणजे गाभ्यातून, एक अख्खी फाइल सिस्टिम काढून टाकण्यात आली. तिचं नाव लॉगएफएस. योर्न एंगेल या प्रोग्रामरने ती खास फ्लॅश मेमरीसाठी लिहिली होती. 2010 मध्ये ती लिनक्सच्या 2.6.34 या आवृत्तीत दाखल झाली, तेव्हा तिच्याकडून बऱ्याच अपेक्षा होत्या. पण 2012 नंतर तिच्यात कुणी मन लावून काम केलं नाही. दोष साचत गेले. चिपने ‘लिहिता आलं नाही’ असं कळवलं तर पुढे काय करायचं, याचीही धड सोय तिच्यात नव्हती. शेवटी ख्रिस्टोफ हेलविग या जाणत्या कर्नल प्रोग्रामरने ती काढून टाकण्याचा पॅच, म्हणजे बदलाचा मसुदा, पाठवला आणि 4.10 या आवृत्तीपासून लॉगएफएस गेली. तिला कुणी वाली उरला नव्हता.

हा निर्णय मला पूर्णपणे पटतो. फाइल सिस्टिम म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा तो भाग, जो आपले फोटो, निरोप, हिशेब चिपवर नेमके कुठे ठेवले आहेत हे लक्षात ठेवतो. त्यातली चूक बाकीच्या प्रोग्रामांमधल्या चुकीसारखी नसते. फोन बंद करून चालू केला की ती जात नाही. उलट ती चिपवर लिहिली जाते आणि तिथेच राहते.

फ्लॅश मेमरीमुळे हे काम आणखी अवघड झालं. तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका यांनी 1984 मध्ये ही मेमरी जगापुढे मांडली आणि 1987 मध्ये तिचा नँड हा प्रकार आला. आज फोन, पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड, एसएसडी या सगळ्यांत नँडच असते. तिचा स्वभाव विचित्र आहे. लिहिताना ती काही किलोबाइटच्या पेजमध्ये लिहून घेते, पण एकदा लिहिलेल्या पेजवर दुसऱ्यांदा लिहू देत नाही. आधी पुसावं लागतं, आणि पुसायचं तर एक पेज पुसता येत नाही, शेकडो पेजांचा अख्खा ब्लॉकच पुसावा लागतो. शिवाय प्रत्येक पुसण्यागणिक तो ब्लॉक झिजतो. जुन्या, एका पेशीत एकच बिट साठवणाऱ्या चिपचा ब्लॉक लाखभर वेळा पुसता यायचा. आजच्या फोनमध्ये एका पेशीत तीन बिट कोंबलेले असतात आणि हा आकडा हजार-तीन हजारांच्या घरात आला आहे.

मग फाइलमधली एक ओळ बदलायची कशी? याचं उत्तर फ्लॅशच्या आधीच, हार्ड डिस्कसाठी सापडलं होतं. बर्कलीला मेंडेल रोझेनब्लूम आणि जॉन ऑस्टरहाउट यांनी 1991 मध्ये लॉगवर आधारलेली फाइल सिस्टिम मांडली. ती आपल्या दुकानांतल्या रोजकीर्दीसारखी चालते. आधीची नोंद खोडायची नाही, नवी नोंद खाली लिहायची आणि कोणत्या खात्याची ताजी नोंद कुठल्या पानावर आहे ते खतावणीत ठेवायचं. जुन्या झालेल्या नोंदींची पानं मात्र अधूनमधून मोकळी करत राहावी लागतात. फ्लॅशच्या स्वभावाला ही रीत चपखल बसली.

पहिले प्रयत्न थेट उघड्या चिपवर झाले. स्वीडनच्या ॲक्सिस कम्युनिकेशन्सने 1999 मध्ये जेएफएफएस केली. डेव्हिड वुडहाउस यांनी रेड हॅटमध्ये असताना 2001 मध्ये तिची सुधारलेली आवृत्ती, जेएफएफएस2, आणली. राउटरसारख्या छोट्या उपकरणांत ती उत्तम चालली. पण सुरू होताना तिला सगळी चिप चाळावी लागे. चिप मोठी होत गेली तसा हा वेळ वाढत गेला आणि शाळकरी मुलांसाठी बनवलेल्या एक्सओ लॅपटॉपमध्ये तर 1 जीबीच्या चिपवरही ते जाणवू लागलं. नोकिया आणि हंगेरीतलं सेगेड विद्यापीठ यांनी मिळून केलेली यूबीआयएफएस 2008 मध्ये आली. तिने चिपवरच निर्देशांक ठेवून हा प्रश्न सोडवला.

तोवर फोनमधली चिपच बदलली होती. तिच्या आतच एक छोटा कंट्रोलर आला, जो झीज सगळीकडे सारखी वाटतो आणि बाहेरून साध्या डिस्कसारखा दिसतो. असं असेल तर वेगळी फाइल सिस्टिम हवीच कशाला? कारण फोनमधली ॲप्स एसक्यूलाइटच्या छोट्या डेटाबेसमध्ये सतत चिमूटभर लिहितात आणि दर वेळी ‘हे आत्ताच्या आत्ता पक्कं कर’ असा हुकूम देतात. इकडेतिकडे विखुरलेल्या अशा लिखाणाने कंट्रोलर दमतो. सॅमसंगमध्ये असलेल्या जेगुक किम यांनी याच दुखण्यावर एफटूएफएस लिहिली. ऑक्टोबर 2012 मध्ये ती जाहीर झाली आणि फेब्रुवारी 2013 मध्ये लिनक्स 3.8 बरोबर बाहेर आली. मोटोरोलाच्या मोटो एक्समध्ये ती त्याच वर्षी दिसली, 2018 मध्ये गूगलच्या पिक्सेल 3 मध्येही आली. आज कित्येक अँड्रॉइड फोनमध्ये तीच आहे.

तिच्यातली एक युक्ती जरा जवळून पाहू. फाइलमधला एक तुकडा बदलला की तो नव्या जागी लिहिला जातो. मग त्याचा पत्ता ज्या नोडमध्ये आहे तो नोड बदलावा लागतो, म्हणजे तोही नव्या जागी जातो. मग त्या नोडचा पत्ता ठेवणारा वरचा नोड, मग त्याच्याही वरचा. एका ओळीपायी मुळापर्यंत सगळं हलतं. किम यांनी नोडला पत्त्याऐवजी क्रमांक दिला आणि कोणत्या क्रमांकाचा नोड सध्या कुठे आहे याचा एक तक्ता ठरलेल्या जागी ठेवला. नोड हलला तर तक्त्यातली एकच नोंद बदलते, वरच्या कुणाला हात लावावा लागत नाही. सॅमसंगच्या अभियंत्यांनी 2015 मध्ये मांडलेल्या शोधनिबंधात मोबाइलवरच्या एसक्यूलाइटच्या चाचणीत एफटूएफएस ही लिनक्सच्या नेहमीच्या ईएक्सटी4 या फाइल सिस्टिमच्या दुपटीपर्यंत वेगवान ठरली होती.

ही सिस्टिम जागा 2 एमबीच्या भागांत वाटते आणि वारंवार बदलणारा, मध्यम आणि क्वचित बदलणारा मजकूर वेगवेगळ्या भागांत लिहिते, म्हणजे साफसफाईच्या वेळी जिवंत मजकूर कमी हलवावा लागतो. ही सफाई शक्यतो फोन स्वस्थ पडलेला असताना होते. फोन काठोकाठ भरलेला असेल तर मात्र तिला हात-पाय पसरायला जागा नसते. मग भागाभागांत उरलेल्या भोकांमध्येच लिहावं लागतं आणि फोन मंदावतो. थोडी जागा नेहमी मोकळी ठेवा, असं म्हणतात त्यामागे हे कारण आहे.

जागा संपल्यावर काय करायचं, हा प्रश्न किती जीवघेणा ठरू शकतो हे नासाने मंगळावर अनुभवलं. जानेवारी 2004 मध्ये उतरलेल्या स्पिरिट या गाडीत 256 एमबी फ्लॅश होती आणि व्हीएक्सवर्क्स ही ऑपरेटिंग सिस्टिम. प्रवासात आणि उतरल्यावर फाइलींची संख्या वाढत गेली. त्यांची यादी साध्या मेमरीत ठेवावी लागे, ती तिथे मावेना. 21 जानेवारीला संगणक कोलमडला, पुन्हा सुरू झाला, सुरू होताना पुन्हा फ्लॅश उघडायला गेला आणि पुन्हा कोलमडला. हे चक्र थांबेना, रात्री झोपायचं सोडून गाडी बॅटरी खात राहिली. अभियंत्यांनी पृथ्वीवरून ‘फ्लॅशला हात न लावता सुरू हो’ अशी आज्ञा धाडली, मग नको असलेल्या फाइली पुसल्या आणि फेब्रुवारीत फ्लॅश नव्याने फॉरमॅट केली. त्यानंतर स्पिरिट कित्येक वर्षं चालली. हार्डवेअर शाबूत होतं. चुकली होती ती फाइलींची व्यवस्था.

म्हणूनच चांगली फाइल सिस्टिम लिहिणाऱ्यापेक्षा ती सांभाळणाऱ्यांचं मला अधिक अप्रूप वाटतं. लिनक्सची नवी आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांनी येते आणि फाइल सिस्टिमला दर वेळी तिच्याशी जुळवून घ्यावं लागतं. किम पुढे सॅमसंग सोडून गेले, कंपन्या बदलत गूगलमध्ये पोहोचले, पण एफटूएफएस त्यांनी सोडली नाही. त्यांच्या जोडीला चाओ यू आहेत. आलेला प्रत्येक पॅच वाचायचा, एक्सएफएसटेस्ट्सच्या चाचण्यांतून तो काढायचा, लिहिता लिहिता वीज गेल्याचं सोंग आणून पाहायचं. सिझबॉट हा स्वयंचलित प्रोग्राम मुद्दाम बिघडवलेल्या डिस्क पुढे करून कर्नल पाडत असतो, त्याच्या तक्रारी निस्तरायच्या. आणि हे करताना दहा वर्षांपूर्वी फॉरमॅट केलेली चिप आजही उघडली पाहिजे, हे भान सुटू द्यायचं नाही.

सुधारणाही या रोजच्या कामातूनच निघतात. अँड्रॉइड 10 मध्ये अपडेट फसलं तर आधीच्या स्थितीत परत जाता यावं म्हणून एफटूएफएसमध्ये चेकपॉइंट, म्हणजे तोवरचं लिखाण पक्कं करणारी खूण, तात्पुरता रोखून धरायची सोय केली गेली. 2020 मध्ये लिनक्स 5.6 बरोबर फाइली दाबून लिहिण्याची सोय आली. गंमत अशी की वाचलेली जागा आपोआप वापरणाऱ्याच्या पदरात पडत नाही. लिखाण कमी व्हावं आणि चिप जास्त टिकावी, हा या सोयीचा पहिला हेतू. अँड्रॉइड 15 मध्ये 16 केबीच्या मेमरी पेजची तयारी झाली, तेव्हा जिथे जिथे 4 केबी गृहीत धरले होते ती प्रत्येक जागा शोधून दुरुस्त करावी लागली.

पुण्यात स्टोरेज आणि फाइल सिस्टिमवर काम करणाऱ्या कंपन्या बऱ्याच वर्षांपासून आहेत आणि महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत संगणक शाखेचे विद्यार्थी ऑपरेटिंग सिस्टिमचा विषय शिकतात. त्या विद्यार्थ्यांना माझं सांगणं आहे. एक जुना पेनड्राइव्ह घ्या, लिनक्सवर तो एफटूएफएसने फॉरमॅट करा, काठोकाठ भरा, लिहीत असतानाच उपसून काढा आणि मग दुरुस्तीचा प्रोग्राम चालवून काय हाती लागतं ते पाहा. कर्नलच्या सोर्ससोबत येणारी एफटूएफएसची माहिती वाचा. कुठे काही खटकलं तर पॅच तयार करून सांभाळणाऱ्यांकडे पाठवा. तो पाठवायला कुणाची परवानगी किंवा कुठली पदवी लागत नाही.