पन्नास गुण पुरतात का?

थ्री-कुशन बिलियर्ड्सच्या टेबलाला भोकं नसतात. पांढरा, पिवळा आणि लाल असे तीन चेंडू. आपल्या चेंडूनं उरलेल्या दोन्ही चेंडूंना लागायचं, आणि दुसऱ्याला लागण्याआधी किमान तीनदा टेबलाच्या रबरी कडेवर, म्हणजे कुशनवर, आदळून यायचं. जमलं की एक गुण आणि पुढचा फटकाही आपलाच. चुकलं की ती इनिंग संपते आणि समोरचा उठतो. टेबल २.८४ मीटर लांब, १.४२ मीटर रुंद. कापडाखालची पाटी विजेवर तापवलेली, म्हणजे दमट हवेतही चेंडू मरत नाही. आपल्या जिमखान्यांतल्या इंग्लिश बिलियर्ड्सशी याचं नातं फार लांबचं आहे.

सोलमध्ये कामानिमित्त राहत असताना हा खेळ मला पहिल्यांदा जवळून दिसला. तिथे गल्लोगल्ली बिलियर्ड्स हॉल आहेत आणि वर्ल्ड कपचे सामनेही भरतात. पहिल्या रांगेत बसलं की चेंडूवरची खडूची निळी खूणसुद्धा दिसते. एका सामन्यात खेळाडूनं लाल चेंडूला अगदी कडेनं, बारीक स्पर्श केला. त्याचा चेंडू दोन कुशनला लागून परतत असतानाच तोच लाल चेंडू फिरून आडवा आला आणि धडक झाली. फटका गेला, असं सगळ्यांनाच वाटलं. पण धडकेनं वाट बदललेला चेंडू लांबच्या कुशनला लागून संथपणे पिवळ्याला भिडला. प्रेक्षकांतून हुंकार उठला. खेळाडूनं प्रतिस्पर्ध्याकडे वळून मान झुकवली. तुक्क्यानं मिळालेल्या गुणाबद्दल माफी मागण्याची कोरियात रीत आहे आणि मला ती फार आवडते.

हरलेल्या खेळाडूचे चाहते असल्या तुक्क्यांवर बोट ठेवतात; मीही ठेवायचो. वही घेऊन इनिंगमागून इनिंग टिपत बसू लागलो, तेव्हा माझं मत बदललं. तुक्के दोन्ही बाजूंना पडतात आणि बरेचसे एकमेकांत फिटून जातात. खरं नशीब गुण कसे येतात यात आहे. ज्याची सरासरी इनिंगला दोन गुणांची आहे, तो दरवेळी दोन गुण करत नाही. त्याच्या ओळीत शून्य, एक, शून्य, सात, शून्य, तीन असे आकडे दिसतात. प्रत्येक फटका स्वतंत्र धरला, तर एवढा मोठा खेळाडूही साधारण तीनातल्या एका इनिंगला रिकाम्या हातानं खुर्चीवर परततो. त्याचा अकरा गुणांचा झपाटा आज येणार की उद्या, हे त्यालाही सांगता येत नाही. उद्या आला, तर तो आज हरतो.

ठरलेले गुण जो आधी पुरे करतो, तो जिंकतो. हे धरून मग कागदावर गणित मांडलं. एकाची सरासरी २, दुसऱ्याची १.५. जाणकारांच्या लेखी हा फरक मोठा आहे. तरीही १५ गुणांच्या एका सेटमध्ये सरस खेळाडू जिंकण्याची शक्यता येते सुमारे ६८ टक्के. ४० गुणांच्या सामन्यात ती ७८ च्या आसपास जाते, ५० ला ८० ओलांडते, १०० ला ८९. म्हणजे ५० गुण खेळूनही पाचात एकदा कमी ताकदीचा खेळाडू पुढे जातो. अशा पाच फेऱ्या ओळीनं जिंकायच्या, तर सरस खेळाडूच्या हाती करंडक तीनातून एकदाच. खऱ्या टेबलावर फटके इतके सुटेसुटे नसतात, चेंडू कुठे थांबले यावर पुढचं बरंच ठरतं. तरी चित्र साधारण असंच राहतं.

बेल्जियमच्या रेमंड क्युलेमान्स यांनी थ्री-कुशनची २१ विश्वविजेतेपदं मिळवली. ते भरात होते त्या काळात जागतिक स्पर्धा साखळी पद्धतीनं होत आणि सामने लांब असत. १९८६ मध्ये वर्ल्ड कप मालिका सुरू झाली आणि टेलिव्हिजनला सोयीचे १५ गुणांचे सेट रूढ झाले; पुढे एकसलग ४० आणि ५० गुणांचे सामने परत आले. गेल्या काही वर्षांतले विश्वविजेते पाहा : २०२१ मध्ये नेदरलँड्सचे डिक यास्पर्स, २०२२ मध्ये तुर्कीचे तायफुन ताश्देमिर, २०२३ मध्ये व्हिएतनामचे बाओ फुओंग विन्ह, २०२४ मध्ये कोरियाचे चो म्युंग-वू. चार वर्षं, चार देश. याचं श्रेय मी नशिबाला देणार नाही. आशियात खेळाडूंची अख्खी नवी पिढी तयार झाली आहे. पण बरोबरीचे खेळाडू वाढले, की निकाल ठरवण्यात सामन्याच्या लांबीचा वाटाही वाढतो.

सेटवर मात्र जुने जाणकार जितका राग काढतात तितका रास्त नाही. वरच्याच गणितानं पाचपैकी तीन सेटचा सामना ५० गुणांच्या सामन्याइतकाच न्याय देतो, सुमारे ८१ टक्के. फक्त त्यासाठी जास्त इनिंग खर्ची पडतात, कारण १५-२ असा जिंकलेला सेटही एकच मोजला जातो. कोरियात २०१९ पासून चालणाऱ्या पीबीए मालिकेत सेट आहेत, आणि आधी कुशनला लावून मग चेंडू गाठला तर दोन गुण मिळतात. खेळ बघायला त्यानं रंगत येते, हे नक्की. माझा आक्षेप वेगळा आहे. सुरुवात करणाऱ्यानं आधी गुण पुरे केले, तर दुसऱ्याला बरोबरीची शेवटची इनिंग तिथे मिळत नाही. सुरुवातीची मांडणी ठरलेली असते, तो पहिला फटका अव्वल खेळाडू सहसा चुकवत नाहीत. इतक्या छोट्या सेटमध्ये एका जादा इनिंगचं वजन फार होतं.

आपल्याकडे हा प्रश्न वेगळ्या रूपात आहेच. इंग्लिश बिलियर्ड्समध्ये १५० गुणांच्या छोट्या डावांचं आणि वेळेवर चालणाऱ्या लांब सामन्यांचं अशी दोन जागतिक विजेतेपदं स्वतंत्र दिली जातात. पंकज अडवाणीनं ती दोन्ही एकाच वर्षी जिंकली, तीही एकाहून अधिक वेळा. म्हणून ती कामगिरी थोर.

थ्री-कुशनमध्ये पहिल्या फेऱ्या गटसाखळीत ४० गुणांच्या असायला हरकत नाही. एक वाईट दिवस तिथे भरून काढता येतो. अंतिम सामना मात्र ८० गुणांचा हवा, आणि बरोबरीची इनिंग प्रत्येक सामन्यात हवी. अडीच तास लागतील. वर्षभर सराव करून आलेल्या दोघांसाठी आयोजकांनी तेवढा वेळ काढायलाच हवा.