बागेचा निधी आणि तिसऱ्या उन्हाळ्याचे पाणी

जून महिन्यात पहिला दमदार पाऊस झाला की शहरोशहरी वसाहतींमध्ये वृक्षारोपणाचे कार्यक्रम सुरू होतात. खड्डे आधीच खणलेले असतात, रोपे आलेली असतात, देणगीदारांचा सत्कार होतो आणि छायाचित्रे निघतात. पुढच्या एप्रिलमध्ये त्याच जागी गेल्यास अनेकदा देणगीदाराच्या नावाचा फलक आणि त्यामागे वाळलेल्या काड्या एवढेच शिल्लक दिसते. पैसे देणाऱ्यांनी ते मनापासून दिलेले असतात, श्रम करणाऱ्यांनीही कसूर केलेली नसते. चूक झालेली असते ती हिशेबात. रोपांची किंमत धरली गेली, पण त्यानंतरच्या तीन उन्हाळ्यांतील पाण्याची धरली गेली नाही.

यात नुकसान केवळ झाडांचे होत नाही. वाळलेली बाग पाहिलेला देणगीदार पुन्हा त्या मंडळाच्या दारी येत नाही आणि त्याच परिसरातील दुसऱ्या, अधिक दक्ष मंडळालाही त्याच्या अविश्वासाचा फटका बसतो. म्हणूनच उद्यान मंडळांनी निधी कोठून मिळेल या प्रश्नाबरोबरच तो कशासाठी मागावा या प्रश्नाचाही विचार करणे अगत्याचे आहे.

प्रथम जागा, मग पैसा

कोणताही निधी देणारा पहिला प्रश्न जागेविषयी विचारतो. वसाहतीच्या मंजूर आराखड्यातील मोकळी जागा, जिला सर्वजण ‘ओपन स्पेस’ म्हणतात, ती प्रत्यक्षात कोणाच्या ताब्यात आहे, हे पुष्कळ रहिवाशांना ठाऊक नसते. कोठे ती गृहनिर्माण संस्थेकडे असते, कोठे महापालिकेकडे किंवा नगरपरिषदेकडे हस्तांतरित झालेली असते, तर कोठे ती अजून विकसकाच्याच नावावर असते. जागा ज्याची, त्याची लेखी परवानगी हाती असल्याशिवाय एक रुपयाही गोळा करू नये. परवानगी किती वर्षांची आहे, पाण्याची जोडणी कोणाच्या नावावर राहील आणि कुंपणाला हरकत आहे काय, या तीन गोष्टींचा तिच्यात स्पष्ट उल्लेख असावा.

स्थानिक संस्थेचे दार

महाराष्ट्रात नागरी क्षेत्रातील झाडांच्या संरक्षणासाठी १९७५ चा कायदा आहे आणि त्यानुसार वृक्ष प्राधिकरण स्थापन केले जाते. सामान्य नागरिकाला हे प्राधिकरण आठवते ते झाड तोडण्याची परवानगी हवी असताना. परंतु रोपवाटिका चालविणे आणि वृक्षलागवड करणाऱ्या संस्थांना साहाय्य करणे हीदेखील त्याची कर्तव्ये आहेत. तेव्हा रोपांसाठी देणगी मागण्यापूर्वी उद्यान विभागाकडे एक अर्ज अवश्य करावा. रोपे तेथून मिळाली तर गोळा झालेला पैसा पाण्यासाठी आणि माळ्याच्या वेतनासाठी राखता येतो.

पुणे महापालिकेने २००६ मध्ये नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक तयार करण्याची पद्धत सुरू केली. आपल्या प्रभागातील लहान कामे नागरिकांनी विहित अर्जाद्वारे सुचवावीत आणि त्यांपैकी योग्य कामांचा पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकात समावेश व्हावा, अशी ही व्यवस्था आहे. पायवाट, बाके, कुंपण, पाण्याची टाकी यांसारख्या एकदाच करावयाच्या कामांसाठी हा मार्ग उपयुक्त आहे. मात्र सूचना पुष्कळ आधी द्याव्या लागतात. मार्चमध्ये जागे झालेल्या मंडळाला पुढच्या वर्षाची वाट पाहण्यावाचून गत्यंतर नसते.

कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी

कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ अन्वये ठरावीक मर्यादेहून मोठ्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करणे अपेक्षित आहे. ही तरतूद १ एप्रिल २०१४ पासून लागू झाली. कायद्याच्या सातव्या परिशिष्टात अशा कार्यांची यादी असून पर्यावरणाचे रक्षण, वनस्पतींचे संवर्धन आणि माती, हवा व पाणी यांची गुणवत्ता राखणे यांचा तीत समावेश आहे. कंपनीने आपल्या कार्यस्थळाच्या आसपासच्या परिसराला प्राधान्य द्यावे, असेही कायदा सांगतो. म्हणजे दूरच्या नामांकित उद्योगसमूहाला पत्र लिहिण्यापेक्षा जवळच्या औद्योगिक वसाहतीतील कारखान्याकडे जाणे अधिक फलदायी ठरते.

तथापि हा निधी मित्रमंडळाच्या तोंडी विनंतीवर मिळत नाही. कंपनी जेव्हा एखाद्या विश्वस्त संस्थेमार्फत काम करवून घेते, तेव्हा त्या संस्थेची रीतसर नोंदणी, आयकर कायद्याखालील आवश्यक नोंदण्या आणि १ एप्रिल २०२१ पासून कंपनी व्यवहार मंत्रालयाकडील ‘सीएसआर-१’ नोंदणी पाहिली जाते. पंधरा-वीस रहिवाशांच्या लहान गटाला हे सर्व सोपस्कार पेलणारे नसतात. अशा गटाने नवी संस्था काढण्याच्या खटाटोपात न पडता परिसरातील एखाद्या जुन्या, नोंदणीकृत आणि नियमित लेखापरीक्षण करून घेणाऱ्या विश्वस्त संस्थेशी लेखी करार करून तिच्यामार्फत प्रस्ताव द्यावा.

या नियमांतील एक तरतूद बागांच्या दृष्टीने मोलाची आहे, पण तिच्याकडे फारसे लक्ष जात नाही. कंपनी एखादा प्रकल्प ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंजूर करू शकते. प्रारंभाचे आर्थिक वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपर्यंत तो चालविता येतो. रोपाला स्वतःच्या मुळांवर उभे राहण्यास साधारणतः तेवढाच काळ लागतो. म्हणून प्रस्ताव वृक्षारोपणाच्या एका दिवसाचा न देता लागवड व तीन वर्षांचे संगोपन असा द्यावा.

अर्जातील आकडे

समजा, १०० झाडे लावावयाची आहेत. प्रत्येक रोपाला आठवड्यातून दोन वेळा २० लिटर पाणी द्यायचे, तर आठवड्याला ४००० लिटर झाले. ऑक्टोबर ते मे हे सुमारे ३४ आठवडे कोरडे धरल्यास वर्षाला १,३६,००० लिटर आणि तीन वर्षांत ४,०८,००० लिटर पाणी लागेल. १०,००० लिटरचा टँकर धरला तर ही सुमारे ४१ खेपांची गरज आहे. या संख्येला गावातील टँकरच्या दराने गुणले की निम्म्या बैठका जागच्या जागी थांबतात आणि ते इष्टच असते. कोणी ४० झाडांवर समाधान मानतो, कोणी ठिबक सिंचन व पालापाचोळ्याचे आच्छादन सुचवितो, तर कोणी पावसाचे पाणी साठविण्याचा विचार मांडतो. हा विचार पैसे खर्च होण्याआधी झाला, हेच त्या आकडेमोडीचे फलित.

अंदाजपत्रकाचे दोन सरळ भाग करावेत. कुंपण, टाकी, नळजोडणी, अवजारे हा भांडवली खर्च आणि पाणी, खत, मजुरी, दुरुस्ती हा आवर्ती खर्च. बाहेरचा निधी शक्यतो पहिल्या भागासाठी मागावा. दुसऱ्या भागाचा काही वाटा तरी रहिवाशांच्या मासिक वर्गणीतून उभा राहिलेला दिसावा. रक्कम लहान असली तरी चालते, परंतु ती दरमहा जमा झालेली असावी. ज्या बागेसाठी शेजारी राहणारे पन्नास रुपये देत नाहीत, तिच्यासाठी परक्याने पन्नास हजार का द्यावेत, हा प्रश्न निधी देणाऱ्याच्या मनात येतोच.

हिशेबाची शिस्त

मंडळाचा पैसा कोणत्याही पदाधिकाऱ्याच्या वैयक्तिक खात्यात ठेवू नये, मग तो कितीही प्रामाणिक असो. खाते मंडळाच्या किंवा विश्वस्त संस्थेच्या नावे, ठरावानुसार आणि किमान दोघांच्या संयुक्त सह्यांनी चालावे. प्रत्येक देणगीची पावती त्याच दिवशी द्यावी. ‘८०जी’ची आयकर सवलत मिळेल असे आश्वासन देण्यापूर्वी संस्थेची ती मान्यता मुदतीत आहे काय, हे तपासावे. २००० रुपयांवरील रोख देणगीला ती सवलत मिळत नाही, हेही देणगीदाराला आधीच सांगावे. निधी संपल्यावर खर्चाचा तक्ता, देयके आणि उपयोगिता प्रमाणपत्र मागणीची वाट न पाहता पाठवावे. त्यासोबत किती रोपे जगली आणि किती मेली, हेही लिहावे. शंभरपैकी बाराच्या जागी नवी रोपे लावली असे मोकळेपणाने कळविणाऱ्या मंडळावर विश्वास बसतो, सर्व शंभर उत्तम आहेत असे लिहिणाऱ्यावर बसतोच असे नाही.

उत्पन्नाचा स्वतःचा झरा कसा असावा, याचे उदाहरण पुण्यात आहे. १८३० मध्ये स्थापन झालेली अॅग्री हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही संस्था सुमारे ३९ एकरांचे एम्प्रेस गार्डन सांभाळते. प्रवेशशुल्क, रोपवाटिका आणि दर जानेवारीतील पुष्पप्रदर्शन यांमुळे लोकांचा पैसा आणि लोकांची पावले या दोन्ही गोष्टी तेथे येत राहतात. वसाहतीच्या बागेला एवढा व्याप शक्य नाही. पण हिवाळ्यात रोपांची व कंपोस्ट खताची विक्री, मुलांसाठी कुंड्या भरण्याचा एखादा दिवस आणि वाढदिवस किंवा पुण्यतिथीनिमित्त एका झाडाच्या वर्षभराच्या पाण्याचा भार उचलणे एवढे निश्चित शक्य आहे. अशा स्मृतिदेणग्यांचा काही भाग मुदत ठेवीत ठेवून केवळ व्याज वापरण्याचा ठराव केला, तर अनुदान संपल्यानंतरही माळ्याचे वेतन थांबत नाही.

पुढच्या जूनच्या तयारीसाठी बैठक बोलावली जाईल, तेव्हा पाहुणे कोण आणि फलकावर कोणाचे नाव, हे विषय कार्यक्रमपत्रिकेत शेवटी ठेवावेत. पहिला विषय असावा जागेच्या परवानगीचा आणि दुसरा तिसऱ्या वर्षाच्या एप्रिल-मे महिन्यांतील पाण्याचा. त्या दोन महिन्यांत आठवड्यातून दोनदा नळी हाती धरणाऱ्यांची नावे वहीत लिहिली गेली की मग निधीसाठी अर्ज करण्यास हरकत नाही.