डांगाण नावाचा ग्रह

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याखाली धुकं दाटलेलं असावं, सूर्य पाठीशी असावा, म्हणजे धुक्यावर पूर्ण गोल इंद्रधनुष्य उमटतं आणि त्याच्या मधोमध पाहणाऱ्याला स्वतःची सावली दिसते. हे इंद्रवज्र. ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करातले विल्यम साइक्स यांनी ते पाहिलं आणि त्याचं वर्णन १८३५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आलं. दख्खनची माणसं, पिकं, पक्षी, पाऊसमान अशा सगळ्याची नोंद करण्याचं काम कंपनीने त्यांच्याकडे दिलं होतं. जहाजाने आलेला, मोजमापाची उपकरणं बाळगणारा माणूस अनोळखी मुलखाच्या काठावर उभा आहे आणि समोरच्या नवलात त्याला दिसते ती स्वतःचीच आकृती. विज्ञानकथेला याहून चांगली सुरुवात सापडणं कठीण.

परक्या ग्रहावरचं घनदाट जंगल, तिथे वसाहत करायला आलेली माणसं आणि मूळ रहिवाशांशी जुंपलेलं युद्ध हा विज्ञानकथेतला मातब्बर विषय. कादंबऱ्या, सिनेमे आणि अलीकडे कानात यंत्र खुपसून ऐकायची ध्वनिनाट्यंही त्यावर निघतात. माझं म्हणणं एवढंच, की ही गोष्ट रचायला मराठी लेखकाने ताऱ्यांपर्यंत जायची गरज नाही. अलीकडे अहिल्यानगर असं नाव मिळालेल्या नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या पश्चिमेला, याच हरिश्चंद्रगडाच्या मुलखात, सह्याद्रीच्या कुशीतल्या डांगाणात, ती घडून गेली आहे.

आधी पृथ्वी, मग ग्रह

मुळात ही कथा वसाहतींच्या इतिहासातूनच जन्मली. एच. जी. वेल्सने १८९८ च्या ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’मध्ये मंगळवासीयांना इंग्लंडवर सोडलं. पहिल्याच प्रकरणात त्याने टास्मानियाची आठवण दिली: युरोपीय वसाहतवाल्यांनी तिथल्या मूळ लोकांचं काय केलं ते आठवा, मग मंगळवासीयांना क्रूर म्हणा.

अर्सुला ले ग्विनने १९७२ मध्ये, व्हिएतनामचं युद्ध पेटलेलं असताना, ‘द वर्ड फॉर वर्ल्ड इज फॉरेस्ट’ प्रसिद्ध केली. तिच्या ॲथशी ग्रहावरच्या लोकांच्या भाषेत जग आणि जंगल यांना एकच शब्द आहे. पृथ्वीवरून आलेले लोक तिथलं लाकूड तोडून नेतात आणि रहिवाशांना वेठीला धरतात. त्या कथेत डेव्हिडसन हा बंदूकवाला कॅप्टन आहे आणि ल्युबोव हा रहिवाशांची भाषा टिपून ठेवणारा अभ्यासक. एकाने मारायचं, दुसऱ्याने समजून घ्यायचं.

डांगाणात ही दोन्ही कामं एकाच माणसाकडे होती.

बंदूक आणि टाक

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली. गडांवरच्या शिबंद्या मोडल्या, डोंगरवाटा राखणाऱ्यांच्या नेमणुका आटल्या, सावकाराचं कर्ज मात्र वाढत गेलं. महादेव कोळी या इथल्या आदिवासी समाजातले रामजी भांगरे आणि रामा किरवा १८२९-३० च्या सुमारास बंडाला उभे राहिले. बंड मोडण्याच्या मोहिमेत कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉश होता. नगरच्या पोलीस पथकाचा तो प्रमुख. याच मॅकिंटॉशने रामोश्यांवर १८३३ मध्ये पुस्तक लिहिलं, आणि १८३७ मध्ये मद्रासच्या एका नियतकालिकात महादेव कोळ्यांवर दीर्घ लेख प्रसिद्ध केला. त्यांची कुळं, देव, लग्नाच्या रीती, बावन मावळं, सगळं त्यात आलं. आजही या समाजाचा इतिहास लिहिणाऱ्याला मॅकिंटॉश टाळता येत नाही. ज्याने पाठलाग केला त्याच्याच कागदांत पाठलाग झालेल्यांचं जगणं शिल्लक राहिलं.

पुढची पिढी राघोजी भांगरे यांची. ते देवगावचे. १८४४ पासून त्यांच्या आणि बापू भांगरे यांच्या टोळ्यांनी नगर, नाशिक आणि पुणे जिल्ह्यांच्या डोंगरात कंपनीला हैराण केलं. सावकारांच्या वह्या आणि प्रसंगी त्यांची नाकं या बंडाच्या तडाख्यात सापडली. यावर कुणी श्रुतिका, म्हणजे ध्वनिनाट्य, रचलं तर तिने ही हिंसा लपवू नये. ॲथशीचे लोकही शेवटी मारायला शिकतात, आणि तीच त्या कथेतली खरी शोकांतिका आहे. राघोजी पंढरपुरात वेषांतरात असताना पकडले गेले. २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली.

युद्ध संपलं, वसाहत चालू राहिली. १८६५ आणि १८७८ च्या वनकायद्यांनी रान सरकारी झालं. प्रवरेवर भंडारदरा धरण बांधून १९२६ मध्ये पुरं झालं, त्याला गव्हर्नर विल्सनचं नाव मिळालं. डोंगरात पडलेला पाऊस कालव्यांनी खालच्या सपाटीवरच्या उसाला पोचला. सपाटीचं त्याने भलं झालं, यात वाद नाही. पण ग्रहावरची संपत्ती कुठे वाहून गेली, हा प्रश्न जंगलग्रहाच्या प्रत्येक कथेत असतो. इथे त्याचं उत्तर कालव्याच्या नकाशावर काढलेलं आहे.

दाट रानात लढाई ऐकू येते

हे सगळं आवाजातच का मांडायचं? दाट रानात लढाई दिसत नाही. मोडलेली काटकी, घरंगळलेला दगड, मध्येच गप्प झालेले रातकिडे, एवढ्यावरून शत्रू ओळखायचा असतो. सिनेमाला तिथे कोट्यवधींचं जंगल उभारावं लागतं, श्रुतिकेला एक चांगला ध्वनिमुद्रक पुरतो.

आवाजाची ताकद ३० ऑक्टोबर १९३८ ला अमेरिकेने पाहिली. ऑर्सन वेल्सने एच. जी. वेल्सच्या मंगळवासीयांची स्वारी रेडिओवर बातमीपत्राच्या ढंगात सांगितली आणि काही श्रोते खरंच घाबरले. देशभर पळापळ झाली ही पुढे वर्तमानपत्रांनी फुगवलेली बाजू.

मराठीला यातलं काहीच परकं नाही. रेडिओवरच्या ‘पुन्हा प्रपंच’ या कौटुंबिक श्रुतिकांनी नीलम प्रभू, बाळ कुडतरकर आणि प्रभाकर जोशी यांचे आवाज घरोघरी नेले. विज्ञानकथेचंही तसंच. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेत जयंत नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ पाठवली, तीही आद्याक्षरं उलटी करून, ना. वि. जगताप या नावाने. तिला पहिलं बक्षीस मिळालं. श्रुतिका आणि विज्ञानकथा या दोघींची मराठीत घरं आहेत. सोयरीक तेवढी जमवायची आहे.

कोण कोणती मराठी बोलणार?

अशी श्रुतिका लिहायला बसलो की पहिली अडचण भाषेची. परग्रहवासी बोलणार कसे? सोपा मार्ग म्हणजे त्यांना चिरके, यंत्रातून काढलेले आवाज द्यायचे. तो टाळावा. आपल्या कित्येक नाटकांत आणि सिनेमांत गावंढळ बोली हसण्यासाठी वापरली गेली आणि प्रमाण मराठी शहाण्याच्या तोंडी राहिली. इथे ते उलटवता येईल. यानातून उतरलेल्यांनी फायलीतली, ‘सदर’ आणि ‘उपरोक्त’ची मराठी बोलावी. ग्रहाच्या लेकरांनी महादेव कोळी आणि ठाकर घरांत ऐकू येते ती डांगाणातली बोली बोलावी. श्रोत्याला काही शब्द कळणार नाहीत. न कळू देत. पहिल्या भागात तो परका असावा आणि शेवटच्या भागापर्यंत त्याला ती बोली कळू लागावी. जंगलग्रहावर उतरलेल्या शहाण्या माणसाचा प्रवास याहून वेगळा नसतो.

मॅकिंटॉशने डांगाणाबद्दल पानंच्या पानं लिहिली, ती इंग्रजीत. आता नगरच्या आकाशवाणीने आणि तरुण ध्वनिनाट्यकारांनी ध्वनिमुद्रक घेऊन रतनवाडी, देवगाव, पाचनई ही तिथली गावं गाठावीत. संहितेचा खर्डा बरोबर असू द्या, पण तो तिथल्या आजींना वाचून दाखवा, त्या सांगतील तिथे खोडा आणि मगच ध्वनिमुद्रणाला बसा. श्रेयनामावलीत लेखक म्हणून त्यांचंही नाव घ्या.